परवडणारे कापड, परवडणारे साधन : वर्धा जिल्ह्यातील एका हिशेबाचा इतिहास

गरिबाला अंगावरचे कापड कितीला पडते आणि ती किंमत नेमकी कोण भरतो, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात ज्या सातत्याने विचारला गेला तसा तो महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच विचारला गेला असेल. कापूस हे या जिल्ह्याचे जुने नगदी पीक. तरीही ज्या मजुरांनी तो वेचला त्यांच्या घरी कापडाची चणचण कायमच राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात अखिल भारतीय चरखा संघ, ग्रामोद्योग संघ आणि ग्रामसेवा मंडळ या संस्थांच्या कार्यकर्त्यांनी या विसंगतीचा विचार येथे हिशेबाच्या वहीपर्यंत नेला. मजुराला परवडेल असे कापड कोणते आणि ते तयार करण्यासाठी त्याला परवडेल असे साधन कोणते, हे त्यांनी आण्या-पैशांत आणि तासांत मोजून पाहिले. खादीचा इतिहास बहुधा राजकीय चळवळीचा एक अध्याय म्हणून सांगितला जातो आणि बहिष्कार, विदेशी कपड्यांच्या होळ्या व तुरुंगवास यांच्या वर्णनात हा हिशेब मागे पडतो. वास्तविक वर्ध्याच्या खादीकार्याचे वेगळेपण त्या हिशेबातच आहे.

रेल्वे येण्यापूर्वी या भागातील जाडेभरडे कापड बहुतांशी गावातच तयार होत असे. शेतातला कापूस घरी आला की रेच्यावर, म्हणजे दोन लाटांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करणाऱ्या साधनावर, तो साफ होई. पिंजारी किंवा बहणा तो धनुकलीने पिंजून देई, घरातील स्त्रिया पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, करून सूत कातीत आणि ते सूत विणकराकडे जाई. तलम धोतरे, लुगडी व शेले विणणारे कोष्टी आणि जाडे कापड विणणारे महार असे विणकरांचे दोन मोठे समाज नागपूरच्या मैदानी मुलखात होते; महारांचा हा धंदा किती व्यापक होता याची नोंद रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथातही आहे. या व्यवस्थेत कापडाची किंमत रोख पैशांत फारशी दिसत नसे. कातण्याचे श्रम घरातले असत, विणाई धान्याच्या रूपाने देता येई आणि लुगडे विरले की त्याच्या घड्या एकावर एक शिवून त्याची वाकळ होई, त्यामुळे धाग्याचा उपयोग तो पूर्ण झिजेपर्यंत चालू राही. या अर्थव्यवस्थेला सुवर्णयुग म्हणणे मात्र चुकीचे ठरेल, कारण जाडे कापड विणणाऱ्याचे सामाजिक स्थान गावकुसाबाहेरचे होते आणि त्याच्या श्रमाचा मोबदला ठरवण्यात त्याचा शब्द चालत नसे.

वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि पालकवाडी या खेड्याच्या जागी वसवलेल्या वर्धा शहरात १८६६ साली त्याचे मुख्य ठाणे आले. हा काळ कापसाच्या दृष्टीने असाधारण होता. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव चढले आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव मँचेस्टर व लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना परिचित झाले. मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यासाठी सरकारने खास कापूस आयुक्त नेमला. त्या पदावरील रिव्हेट-कार्नॅक यांचे अहवाल या जिल्ह्याच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन आहे. १८६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मांडलेला विचार असा होता की कापूस पिकवणाऱ्या मुलखात रेल्वेचा फाटा नेला तर विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, घरी सूत काढण्यात खपणारा कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीसाठी उपलब्ध होतील. स्वस्त कापडाचे धोरण आणि कातणाऱ्या-विणणाऱ्यांची बेकारी या दोन गोष्टी एकाच वाक्यात आणि कोणत्याही संकोचाशिवाय मांडलेल्या दिसतात, म्हणून हा विचार येथे विस्ताराने दिला आहे. पुढे सत्तर वर्षांनी याच जिल्ह्यात जो वाद झाला त्याची दुसरी बाजू या अहवालात आधीच लिहून ठेवलेली होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे पुलगाव आणि वर्धा या मार्गाने १८६७ साली नागपूरला पोहोचली आणि त्यानंतरच्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणींपर्यंत फाटा गेला. कापसाच्या गाठी मुंबईकडे आणि कापडाचे गठ्ठे उलट दिशेने अशी दुहेरी वाहतूक सुरू झाली. नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ च्या प्रारंभी चालू झाली, हिंगणघाटला बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी १८८१ मध्ये उभी राहिली आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी पुलगावातही गिरणीची चिमणी दिसू लागली. या गिरण्यांनी हातमाग एकदम बंद पाडला नाही. उलट त्यांचे सूत विणकराला सोयीचे वाटले, कारण ते सारखे असल्यामुळे मागावर कमी तुटे. म्हणून विणकर टिकला, पण त्याला सूत पुरवणारी घरातली कातणारी बाई या साखळीतून बाहेर पडली. घरच्या चरख्याचा लोप हा सर्वांत शांतपणे झालेला बदल होय आणि त्याची सर्वांत जास्त झळ ज्यांच्याकडे शेत नव्हते अशा विधवा व वृद्ध स्त्रियांना बसली.

स्वस्ताईच्या याच दबावाने पिकाचेही रूप पालटले. हिंगणघाटच्या कापसाची ख्याती ज्या बाणी वाणावर उभी होती त्याचा धागा लांब आणि मऊ होता, परंतु उत्पन्न कमी येई व सरकीच्या मानाने रुईही थोडी निघे. गिरण्यांना आणि निर्यातदारांना जाडे सूत काढण्यासाठी आखूड धाग्याचा कापूस चाले, भावात पुरेसा फरक मिळत नसे, म्हणून शेतकऱ्याने जास्त रुई देणारा जाडा जरी वाण पसंत केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बाणी जवळजवळ दिसेनासा झाला. शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या दृष्टीने योग्यच होता. मात्र हाताने कातण्याला जो धागा उत्तम तो शेतातून गेल्यावर काही वर्षांनी चरख्याचे पुनरुज्जीवन सुरू झाले, ही अडचण पुढे खादी कार्यकर्त्यांना सतत भेडसावत राहिली.

१९२१ साल या कथेत दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून साबरमतीच्या सत्याग्रहाश्रमाची शाखा वर्ध्याला सुरू झाली आणि तिची जबाबदारी घेऊन विनोबा भावे ८ एप्रिल १९२१ रोजी येथे आले. त्याच वर्षी सप्टेंबरात मदुराईला महात्मा गांधींनी पंचा हाच आपला वेश ठरवला. या निर्णयाकडे बहुधा त्यागाचे प्रतीक म्हणून पाहिले जाते, पण त्यामागचे व्यावहारिक कारण तितकेच ठळक होते: विदेशी कापड टाकून द्या असे सांगितल्यावर, बदली खादी घेण्याइतके पैसे आमच्याजवळ नाहीत असे गरीब लोक म्हणत होते आणि खादी होतीही थोडी व महाग. पुरेशी खादी परवडत नसेल तर थोडक्या कापडात भागवावे, हे सांगण्याआधी स्वतः तसे राहणे त्यांना आवश्यक वाटले. खादीच्या चळवळीला किमतीचा प्रश्न असा पहिल्याच वर्षी येऊन भिडला होता आणि तो पुढे कधीही सुटला नाही.

१९२३ मध्ये काँग्रेसने स्थापन केलेल्या अखिल भारतीय खादी मंडळाचे अध्यक्षपद बजाज यांच्याकडे आले आणि १९२५ च्या सप्टेंबरात पाटण्याला चरखा संघ स्थापन झाल्यावर वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू त्याचे एक प्रमुख सूत्रधार झाले. आरंभीच्या दहा वर्षांत संघाचे धोरण सरळ होते: खादी दरवर्षी थोडी स्वस्त झाली पाहिजे. वारामागे काही पैसे उतरले की कार्यकर्ते ते यश मानीत. परंतु खादीची किंमत कोणत्या भागांची बनते हे पाहिले म्हणजे या यशाचे स्वरूप ध्यानात येते. कापसाचा भाव बाजार ठरवी. रेचणे, पिंजणे आणि पेळू करणे यांचा खर्च बांधलेला होता. विणकर कुशल असल्यामुळे त्याला कमी मजुरी देऊन चालत नसे, कारण तो गिरणीच्या सुताकडे वळू शके. धुलाई, वाहतूक आणि भांडाराचा खर्च टाळता येत नसे. खाली ओढता येण्यासारखा एकच भाग उरे, तो म्हणजे कातणारणीची मजुरी. तिला दुसरा रोजगार नव्हता, ती घरी बसून कातीत होती आणि मिळेल ते घेत होती. आठ तास कातूनही तिच्या हाती आणा-दोन आण्यांपलीकडे फारसे काही पडत नसे. शहरातील खादीधारकाला मिळणारी सवलत अशा रीतीने खेड्यातील सर्वांत दुबळ्या स्त्रीच्या खिशातून जात होती.

मजुरी न कापता कापड स्वस्त करण्याचा दुसरा मार्ग साधन सुधारण्याचा होता, आणि या बाबतीत चरखा संघाने १९२९ मध्ये उचललेले पाऊल मोठे धाडसाचे होते. सुधारलेल्या चरख्यासाठी त्याने एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले आणि त्यासाठी घातलेल्या अटींतून परवडणाऱ्या साधनाची एक नेमकी व्याख्याच तयार झाली. यंत्र हलके, हाताने वा पायाने चालणारे आणि खेड्यातल्या झोपडीत वापरता येण्याजोगे असावे. स्त्रीला ते फार श्रम न पडता आठ तास चालवता यावे. तेवढ्या वेळात त्यावर १२ ते २० अंकाचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. ते २० वर्षे टिकावे आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत राहावी. सुताचा अंक म्हणजे एका ठरावीक वजनात सुताच्या किती गुंड्या, म्हणजे ठरावीक लांबीच्या लडी, बसतात ती संख्या. अंक जितका मोठा तितके सूत बारीक. खरेदीची किंमत, टिकाऊपणा आणि दुरुस्तीचा खर्च ही तीन मापे एकत्र लावण्याची ही पद्धत कोणत्याही साधनाच्या निवडीला लागू पडावी इतकी विचारपूर्वक होती. महाराष्ट्रात किर्लोस्करवाडीलाही या दृष्टीने प्रयत्न झाले, पण सर्व अटींची कसोटी कोणतेच यंत्र पार करू शकले नाही आणि बक्षीस कोणालाही मिळाले नाही.

मोठा शोध लागला नाही तरी लहान सुधारणा पुष्कळ झाल्या. येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी चरख्याची दोन चाके पेटीत आडवी बसवून घडवलेला पेटी चरखा बरोबर नेता येऊ लागला. गांधींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावाने ओळखला जाणारा, पायाने फिरवायचा आणि दोन्ही हातांनी दोन चात्यांवर कातायचा मगन चरखा प्रभुदास गांधी यांनी तयार केला. चाती म्हणजे ज्यावर सूत पिळले व गुंडाळले जाते तो लोखंडी गज. भारतानंद या नावाने प्रसिद्ध असलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी बांबूच्या धनुकलीने फिरवायची धनुष तकली बनवली, जिच्यासाठी चाक घडवणाऱ्या सुताराचीही गरज उरली नाही. परंतु सर्वांत स्वस्त साधन म्हणून विनोबांनी ज्याचा ध्यास घेतला ती होती साधी तकली. एक सळई आणि तिच्या खालच्या टोकाला बसवलेली चकती एवढेच तिचे अंग, किंमत दिडकी-पैशांत मोजण्याइतकी, दुरुस्ती जवळजवळ शून्य. चालता-बोलता वापरता यावी आणि लहान मुलाच्याही हाती देता यावी असे हे साधन. १९३२ च्या अखेरीस विनोबा वर्ध्याजवळच्या नालवाडी या दलितवस्तीच्या खेड्यात राहायला गेले आणि तेथे त्यांनी तकलीचा वेग वाढवण्याचे, डाव्या हाताने कातण्याचे आणि कताईच्या मजुरीवर स्वतःचा निर्वाह करण्याचे प्रयोग केले. कातणाऱ्याला काय मिळते हे त्यांनी आकडेमोडीने नव्हे, तर स्वतःच्या आहाराने मोजले, आणि या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष कठोर होता: चालू दराने पूर्ण दिवस कातणारा कुशल माणूसही पोटभर जेवू शकत नाही.

१४ डिसेंबर १९३४ रोजी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला. त्याच्यासाठी बजाज यांनी आपली बाग दिली, मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी पडले आणि १९३५ च्या आरंभी गांधी स्वतः तेथे राहावयास आले. जे. सी. कुमारप्पा या संघाचे मंत्री होते. ग्रामोद्योगांत तयार होणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या मजुराला जगण्यापुरती मजुरी मिळाली पाहिजे, हे तत्त्व नव्या संघासाठी ठरवताना, तेच तत्त्व खादीला का लावू नये असा प्रश्न उपस्थित होणे अटळ होते. गांधींनी १९३५ च्या उन्हाळ्यापासून हा प्रश्न लावून धरला आणि तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला आठ आणे, असे माप सुचवले. चरखा संघातील अनेक अनुभवी कार्यकर्त्यांना हा विचार आत्मघातकी वाटला आणि त्यांची शंका पोकळ नव्हती. खादी आधीच गिरणीच्या कापडाहून महाग होती. मजुरी कित्येक पटींनी वाढवली तर गिऱ्हाईक घटेल, भांडारात माल पडून राहील आणि ज्या कातणारणींचे भले करायचे त्यांच्याच हातचे काम जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूचे उत्तर असे होते की उपाशी माणसाच्या श्रमावर स्वस्त ठेवलेले कापड गिरणीच्या कापडाहून कोणत्याही अर्थाने अधिक नैतिक नाही आणि तसे ते राहणार असेल तर खादीचे प्रयोजनच संपते.

ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्ध्याला चरखा संघाच्या कार्यकारिणीने या वादावर निर्णय दिला. कताईची मजुरी अपुरी आहे हे मान्य करून, आठ तासांच्या कार्यक्षम कामाच्या हिशेबाने कातणाऱ्याला किमान इतके मिळाले पाहिजे की त्याला वर्षाला २० वार कापड आणि शास्त्रीय मापाने ठरवलेला किमान आहार घेता येईल, असे तत्त्व संघाने स्वीकारले. कायद्याने किमान वेतन ठरवण्याची पद्धत या देशात १९४८ च्या किमान वेतन कायद्याने आली. त्याच्या तेरा वर्षे आधी एका स्वयंसेवी संस्थेने, स्वतःच्या व्यापाराला धोका पत्करून, अन्न आणि वस्त्र यांच्या प्रत्यक्ष मापावर मजुरी बांधली, ही घटना भारतीय श्रमविचाराच्या इतिहासात आज आहे त्याहून पुष्कळ मोठ्या जागेची अधिकारी आहे. संघाच्या महाराष्ट्र शाखेने, जिचे कताईचे मोठे केंद्र शेजारच्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील सावली येथे होते, आठ तासांना तीन आण्यांच्या दराने सुरुवात केली. आठ आण्यांचे माप दूरच राहिले, तरी अनेक कातणारणींच्या दृष्टीने ही वाढ दुपटीच्या आसपास होती.

दरवाढीबरोबर शिस्तही आली. पूर्वी कसेही सूत वजनावर घेतले जाई; आता अंक, समानता आणि कस, म्हणजे धागा किती ताण सहन करतो ते, तपासून गुंडीमागे दर ठरू लागला. गुंडी म्हणजे चार फुटांच्या ६४० तारांची लड, साधारण ८५३ वार. तिचा चौथा हिस्सा, १६० तारांचा, म्हणजे एक लटी. पिंजण सुधारले तर पेळू चांगला होतो, पेळू चांगला झाला तर वेग व कस दोन्ही वाढतात आणि कसदार सूत मागावर कमी तुटत असल्यामुळे विणाईचा वेळ वाचतो, ही साखळी लक्षात आल्यावर कार्यकर्त्यांनी खेडोपाडी कातणारणींना पुन्हा शिकवण्याचे काम हाती घेतले. मजुरी वाढवूनही कापडाची किंमत त्याच प्रमाणात वाढू नये याचा हाच प्रामाणिक मार्ग होता. कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी म्हणून मजुरीचा काही भाग खादीच्या रूपाने देण्याचा आग्रहही याच काळात वाढला. आपण काढलेले सूत आपल्यालाच परवडत नाही म्हणून कातणारीण गिरणीचे लुगडे नेसते, हे दृश्य कार्यकर्त्यांना फार बोचत असे. मात्र हाती रोख पैसा हवा असणाऱ्या बाईच्या बाजूने पाहिले तर ही सक्ती तिला जाचक वाटली असल्यास नवल नाही.

किमतीच्या कोंडीतून बाहेर पडण्याचा तिसरा मार्ग म्हणजे वस्त्रस्वावलंबन: आपले कापड विकत घ्यायचेच नाही, आपल्या सुतातून विणून घ्यायचे. नालवाडीच्या ग्रामसेवा मंडळाने आणि पुढे वर्ध्याजवळच्या गांधींच्या सेवाग्राम आश्रमाने हा मार्ग मुख्य मानला. त्याचे गणित साधे आहे. इंचाला सुमारे चाळीस धागे धरले तर एका चौरस वाराच्या ताण्याला १,४४० वार आणि बाण्याला तितकेच सूत लागते, म्हणजे आटणी व तुटफूट धरून साडेतीन ते चार गुंड्या. वर्षाच्या २० वारांना, कापडाचा पन्हा एक वार धरल्यास, पंचाहत्तर गुंड्यांच्या आसपास सूत लागेल. आणि सराव झालेला माणूस चरख्यावर अर्ध्या तासात एक लटी काढत असेल तर रोज अर्धा तास कातून सुमारे तीनशे दिवसांत एका माणसाची वर्षाची गरज भागते. कापूस घरच्या शेतातला आणि कातण्याचे श्रम घरातले असल्यामुळे रोख खर्च उरतो तो विणाईचा. आडाखा म्हणून हे गणित निर्दोष आहे, पण त्यात पुरुषाचा पोशाख गृहीत धरलेला दिसतो. सव्वा वार पन्ह्याचे नऊवारी लुगडे एकटेच अकरा चौरस वारांहून अधिक कापड घेते. दोन लुगडी आणि दोन चोळ्या म्हटल्या की २० वारांची मर्यादा ओलांडली जाते, आणि वर्ध्याच्या शेतात निंदणी-वेचणी करणाऱ्या बाईचे लुगडे वर्षभर टिकतही नाही. ज्या स्त्रियांच्या हातांवर हा सगळा उद्योग उभा होता त्यांच्या अंगावरच्या वस्त्राचे माप ठरावात अपुरे पडले, हे या विषयावर लिहिणाऱ्यांनी स्पष्ट नोंदवले पाहिजे.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची, योजना पुढे आली आणि डॉ. झाकिर हुसेन समितीने आखलेल्या अभ्यासक्रमात कताईला मूलोद्योग म्हणून स्थान मिळाले, तेव्हा तकली शाळेच्या दप्तरात गेली. ३० डिसेंबर १९३८ रोजी मगनवाडीत गांधींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ग्रामोद्योगांची अवजारे, निरनिराळ्या प्रांतांतील चरखे आणि खादीचे नमुने तेथे शेजारी-शेजारी मांडण्यात आले. खेड्यातल्या माणसाने ते पाहून, तुलना करून आपल्याला जमेल व परवडेल ते साधन निवडावे हा त्यामागचा हेतू होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गिरणीच्या कापडाची टंचाई झाली, भाव भडकले, १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत यांवर नियंत्रण आणले आणि खादी एकाएकी स्पर्धेत येण्याइतकी स्वस्त वाटू लागली. मात्र १९४२ च्या आंदोलनात खादी केंद्रांवर जप्ती आल्यामुळे या संधीचा फायदा घेता आला नाही. तुरुंगातून सुटल्यावर गांधींनी १९४४ मध्ये सेवाग्रामला चरखा संघाच्या कामाचे नवसंस्करण मांडले: कातणाऱ्याने खादी घालावी आणि घालणाऱ्याने कातावे, व्यापारी खादीवरचा भर कमी व्हावा. त्यानुसार १९४५ पासून खादी विकत घेताना किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने भरण्याचा नियम आला. सरकी हाताने काढून कापसाचे तंतू बोटांनी सारखे करण्याची तुनाईची पद्धत, जिला धनुकलीची वा पिंजाऱ्याची गरज नव्हती, आणि विणकराला सोपे जावे म्हणून सूत दुहेरी करून पीळ देण्याची पद्धत या काळात वर्धा परिसरातून पसरली. शहरातील गिऱ्हाइकांना सुताची अट नकोशी वाटली आणि विक्री घटली. या धोरणाला व्यापारी अपयश म्हणता येईल. परंतु विक्री वाढवणे हा त्याचा हेतूच नव्हता.

स्वातंत्र्यानंतर परवडण्याचा भार राज्याने उचलला. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर अतिरिक्त अबकारी कर बसवून तो पैसा खादी आणि हातमाग यांच्याकडे वळवला गेला, १९५६ च्या कायद्याने खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची तरतूद झाली आणि गांधी जयंतीच्या सुमारास खादीवर सूट मिळण्याची प्रथा घरोघरी माहीत झाली. तमिळनाडूच्या एकांबरनाथन यांच्या अंबर चरख्याने एका बैठकीत अनेक चात्यांवर सूत निघू लागले आणि हाताच्या कताईचा वेग वाढला, पण त्याबरोबर साधनाची किंमतही अशी वाढली की ते कातणारणीच्या नव्हे, संस्थेच्या मालकीचे झाले. तकलीपासून सुरू झालेला विचार येथे उलट दिशेला गेला. पुढे पॉलिएस्टर मिसळलेले पॉलिवस्त्र आयोगाने स्वीकारले, ते टिकाऊ आणि धुण्यास सोपे असल्यामुळे खपलेही; कारण तोपर्यंत गरीब घरांची निवड ठरून गेली होती. न विरणारी, न चुरगळणारी आणि लवकर वाळणारी कृत्रिम धाग्याची साडी वर्धा, आर्वी, देवळी किंवा हिंगणघाटच्या आठवडी बाजारात सुती लुगड्याहून स्वस्त मिळू लागली आणि मजूर स्त्रीने ती घेतली. तिच्या हिशेबात चूक काढता येत नाही.

आज जिल्ह्यातला बहुतेक कापूस बी.टी. वाणांचा आहे, तो जिनिंग-प्रेसिंगमध्ये जाऊन गाठींच्या रूपाने बाहेर पडतो. मगनवाडीच्या आवारात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था सौरऊर्जेवर चालणाऱ्या चरख्यासारख्या साधनांवर काम करते, मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांची खादी तयार होते आणि विकली जाते, आता गोपुरीत असलेले ग्रामसेवा मंडळही विणाई चालवते. हे कापड उत्तम आहे. ते प्रामुख्याने मध्यमवर्ग घेतो. कातणाऱ्याची मजुरी आजही गुंडीमागेच ठरते, फक्त गुंडी आता हजार मीटरची असते. खादी आयोगाने हा दर १ एप्रिल २०२३ पासून साडेसात रुपयांवरून दहा रुपये आणि २ ऑक्टोबर २०२४ पासून साडेबारा रुपये केला. आठ चात्यांच्या चरख्यावर दिवसाला वीस गुंड्या निघाल्या तर २०२४ च्या त्या दराने अडीचशे रुपये होत, आणि त्या अडीचशे रुपयांत किती धान्य, किती डाळ, किती तेल आणि किती वार कापड येते हे मोजण्याची रीत वर्ध्याच्या १९३५ च्या ठरावात लिहिलेली आहे.